निवळीची पावडर

चक्का टांगला की फडक्यातून जे पाणी गळतं, ती निवळी. चाळीस वर्षं मी ती म्हशीच्या घमेल्यात ओतली. तीच वाळवून डब्यात भरलेली पावडर २०१७ साली माझ्या सुनेनं, दिशानं, मला प्यायला आणली. मला मधुमेह, त्यात लिव्हरला चरबी. डहाणूचे डॉक्टर म्हणाले, "नाश्त्याआधी पाण्यातून घ्या. साखर आवरली तर लिव्हरलाही बरं. तीन महिने बघू."

"म्हशीचं आता मी प्यायचं?" मी म्हटलं.

"म्हैस तुमच्यापेक्षा धडधाकट आहे, आई," दिशा म्हणाली.

पाण्यातली ती पावडर म्हणजे भिंतीला लावायचा चुना. म्हणून मी कोठीत जाऊन पेंढ्यात पिकलेले दोन चिकू त्यात कुस्करायची. साखर म्हणजे दुकानातली. आमच्या बोर्डीच्या वाडीत सासऱ्यांनी लावलेल्या झाडाची कसली साखर? तरी दार मात्र लावून घ्यायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आले. साखर वर, लिव्हरचे आकडेही वर. डॉक्टरांनी कागद उलटसुलट केला. "पावडर बंद. इन्सुलिन सुरू करू."

माझा मुलगा प्रितेश बायकोवर उखडला. "मोबाइलवर वाचून आईवर प्रयोग करतेस? तुझ्या बाबांनाही तेच पाजतेस ना? आत्ता फोन कर, बंद करा म्हणावं."

तिच्या बाबांची साखर त्याच डब्यावर उतरली होती, मला ठाऊक होतं. दिशानं मोबाइल काढला. खोली एवढीशी, दाराशी प्रितेश, समोर डॉक्टर. वाडीत चिकू निवडणाऱ्या दहा बायकांसमोर मीच म्हटलं होतं, सुनेनं डब्यातून विष आणलंय. बोलले तर त्या दहाजणी हसणार. गप्प बसले तर मला रोज सुई, आणि तिकडे त्या भल्या माणसाचा डबा बंद.

पलीकडे रिंग वाजायला लागली.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "डॉक्टर, पावडर एकटी नव्हती. चिकू होते तिच्यात."

"किती, आनंदीबाई?"

"दोन."

दिशानं मान वर केली.

"मोठे असले तर दोन," मी म्हटलं. "नाहीतर तीन."

डॉक्टर हसले नाहीत. इन्सुलिन महिनाभर लांबवलं, चिकू बंद केले, पावडर नुसत्या पाण्यातून ठेवली.

आता कोठीची किल्ली दिशाच्या कमरेला. सकाळी पेला देते आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत समोरून हलत नाही.

"माहेरी पोलिसात होतीस का गं?"

"पेला पालथा करून दाखवा, आई."

दाखवते. जाते कुठे!