मी येतो, मी येते

माया धारवाडशेजारच्या शहरात कोप्पीकर रोडवरच्या साड्यांच्या दुकानात बरीच वर्षं काम करत होती आणि बोलणं बदलणं हा तिच्या लेखी कामाचाच भाग होता. गिऱ्हाईक दारात चप्पल काढतंय तोवर तिला कळायचं, इथं कानडीत 'बर्री अक्का' म्हणायचं की मराठीत 'या बाई, बसा' म्हणायचं. त्यामुळं गौतमीनं जेव्हा विचारलं, "आई, पुण्याच्या मुलाखतीला त्यांच्यासारखं बोलू का आपल्यासारखं?" तेव्हा मायानं मेथी निवडता निवडता सांगून टाकलं, "त्यांच्यासारखं बोल की. त्यात काय हाय?"

गौतमी धारवाडला बी.ए. झाली होती. पुण्यातल्या एका विद्यापीठात समाजकार्य शिकायचं तिनं ठरवलं होतं. लेखी परीक्षा पार पडली होती, आता तोंडी उरली होती, तीही लॅपटॉपवर, उणकल भागातल्या आपल्या घरात बसून. तयारी करून घ्यायला सरिता होती. सरिता म्हणजे मायाच्या बहिणीची मुलगी, पुण्यात नोकरीला. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"'मी येतो' नाही गं गौतमी. 'मी येते.' तू मुलगी आहेस."

त्यांच्या घरात, गल्लीत सगळ्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणत. मायाची आई तसंच बोलायची, माया तसंच बोलायची. ते चुकीचं आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सरितानं 'नव्हं' काढून टाकायला लावलं, 'व्हय' काढायला लावलं, वाक्याच्या शेवटी वर जाणारा कानडी हेलही सोडायला लावला.

"एवढं कशाला गे?" मायानं एकदा मध्येच विचारलं.

"मावशी, इथं तोंड उघडलं की आधी गाव विचारतात. मग आडनाव."

आडनावाचं मायाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गौतमी मेहनती होती. आठवडाभरात तिचं बोलणं बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं झालं. एका रात्री जेवताना माया म्हणाली, "उद्या मी लवकर जातो, माल यायचा हाय."

"जाते," गौतमी ताटातून मान वर न करता म्हणाली.

रवीनं, तिच्या वडिलांनी, हसून घेतलं. माया हसली नाही. दुसऱ्या दिवशी एका मास्तरीणबाईंसमोर इरकल साडी पसरताना ती "अजून दाखवते" म्हणाली आणि मध्येच थांबली. दुकानात हा शब्द ती रोजच वापरायची. आज तो पहिल्यांदाच खुपला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी गौतमी म्हणाली, "उद्या तू आत स्वयंपाकघरातच थांब. आवाज नको."

"आवाज नको, का बोलायला नको?"

गौतमीनं मान खाली घातली. "बोलायला नको."

मुलाखतीच्या दिवशी माया अर्धा दिवस रजा काढून घरी थांबली होती. ओट्याला टेकून ती ऐकत राहिली. समोर तीन परीक्षक होते, दोन पुरुष आणि एक बाई. गौतमी बरोबर उत्तरं देत होती, पण ओल्या फरशीवर पाय टाकावा तसं एकेक वाक्य जपून टाकत होती. गोकुळ रोडवरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची तिनं पाहणी केली होती. त्याबद्दल घरी बोलायला लागली की जेवण निवून जायचं. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं आणि तिनं चार वाक्यांत संपवलं.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, खोलीत अंधार झाला; लॅपटॉप तेवढा मोबाईलच्या नेटवर चालू राहिला. गौतमीनं घाईघाईनं माईक बंद केला. निदान तिला तसं वाटलं. बंद झाला होता तो कॅमेरा.

"आई, करंट गेलं गे! काय दिसंना झालंय. टॉर्च आण की लवकर. ह्यांना काय वाटंल आता, यप्पा!"

"आणतो, आणतो. किंचाळू नको. खिडकी उघड आधी, उजेड येतो."

लॅपटॉपमधून पुरुषी आवाज आला, "आम्हाला ऐकू येतंय हं."

माया होती तिथंच उभी राहिली. मग परीक्षक बाईंचा आवाज आला. "आत्ता कोण बोललं?"

"मी आणि माझी आई, मॅडम."

"आणि आतापर्यंत बोलत होतं ते?"

गौतमीनं खिडकी उघडली, कॅमेरा चालू केला. "ती पण मीच. ही घरची, ती मुलाखतीची."

कुणीतरी हसलं. ते हसणं कसलं, हे मायाला ठरवता येईना. मगाचाच पुरुष कोरड्या आवाजात म्हणाला, "पुण्यातल्या वस्तीत काम करायला गेलात, तर हे घरचं बोलणं लोकांना कळेल का?"

गौतमी परत खुर्चीत बसली. "सगळं नाही कळणार, सर. काही शब्द बदलायला लागतील. गोकुळ रोडवर पण बदलत होतो. कानडी बायकांशी कानडी बोलले, बिहारी बायकांशी हिंदी. पण सर, तिथल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, ते मी मगाशी सांगितलंच नाही."

आणि मग ती सांगत सुटली. बायकांच्या संडासाची वाट पुरुषांच्या मशीनच्या रांगेतून जाते म्हणून बायका पाणी पीत नाहीत, मूतखडा झालेली एक बाई सुट्टी मागायला कशी लाजत होती, सगळं. बोलताना कधी 'विचारलो' येत होतं, कधी 'विचारलं'. माया हातात टॉर्च घेऊन दाराआड ऐकत होती.

संपल्यावर गौतमी खुर्चीतच बसून राहिली. "गेली सीट, आई."

"चहा ठेवतो," माया म्हणाली.

प्रवेशाच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. सरितानं फोनवर समजूत घातली, पण 'मी सांगितलं होतं' हे न बोलताही ऐकू आलं. दोन दिवस गौतमी कुणाशी धड बोलली नाही. दुसऱ्या यादीत नाव लागलं. बोलण्यामुळं मार्क गेले की मिळाले, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. रवीनं तो कामाला होता त्या कारखान्यात पेढे वाटले.

गौतमी पुण्याला गेली. महिनाभरानं एका दुपारी मायानं दुकानाच्या जिन्यात उभं राहून फोन लावला.

"काय करतीस गे?"

"जेवून राहिली आई. मग लावते."

"कुठं राहिलीस?"

पलीकडून गौतमी खळखळून हसली. खोलीतली मैत्रीण यवतमाळची होती, तिचं बोलणं तोंडी बसलं होतं.

"सरितानं एवढं शिकवलं, ते काय झालं?"

"ते वर्गात लागतंय. वापरतो की."

"बरं. जेव पोटभर."

मायानं फोन ठेवला. खाली गदगचं एक कानडी वऱ्हाड बस्त्याला आलं होतं आणि मालक तिला हाक मारत होते.