दोघांचं एकच पातेलं

मित्रांनो, मी एक जुनी क्लिप आहे. केसांतली नाही, कागदांचीही नाही, दातावरची. आकारानं तांदळाच्या दाण्याएवढी आणि अंगावर एक बारीक खाच. त्या खाचेतून तार जाते आणि ती तार दातांना हळूहळू ओढत रांगेत आणते. जगात इतक्या गोष्टी वाकड्या असताना माणसांनी सरळ करायला नेमके दातच का निवडले, हे मला कधी कळलं नाही. पण नोकरी मिळाली, ती मी केली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते अमरावतीच्या डॉ. प्रियदर्शनी यांच्या दवाखान्यातलं पाकीट. आम्ही साऱ्या बहिणी त्यात दाटीवाटीनं पडून होतो. एक दिवस नववीतली एक मुलगी खुर्चीवर आडवी झाली. तिचं नाव आचल. डॉक्टरांनी मला चिमट्यात धरलं, तिच्या डाव्या सुळ्यावर चिकटवलं, वरून निळा दिवा दाखवला आणि मी कामावर रुजू झाले.

मग डॉक्टरांनी आचलला आणि तिच्या बाबांना पथ्य सांगितलं. "फुटाणे नाही, शेंगदाणे नाही, ऊस तर नाहीच. भाकरीचा कडक काठ काढून टाकायचा. जाम, म्हणजे पेरू, खायचा तर फोडी करून, दातानं तोडायचा नाही. कडक काहीही चावायचं नाही."

आचलचे बाबा, शेखर, दाराशी उभे होते. त्यांचा एक गाल फुगलेला होता. गालात खर्रा होता. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोट घोट घोटून जे होतं, ते. बोलायला तोंड मोकळं नसल्यानं त्यांनी फार गंभीरपणे मान डोलावली आणि त्याच वेळी त्यांच्या गालातून "कट्ट" असा आवाज आला. सुपारी ही फुटाण्याहून कडक असते, मित्रांनो. पण क्लिपा काही त्यांच्या दातांना नव्हत्या.

सुरुवातीचे महिने माझे अंधारात गेले. मला उजेड दिसायचा तो फक्त आचल बोलली, जेवली किंवा हसली तर. आणि वर्गातल्या पोरींनी "आचलच्या तोंडात तारेचं कंपाउंड टाकलं व" म्हटल्यापासून ती ओठ मिटूनच हसायची. गालाला आतून फोड आले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं मेण तिनं माझ्या अंगावर थापलं. मला गुदमरल्यासारखं झालं, पण मी तक्रार केली नाही. क्लिपेच्या तक्रारीची दखल घेणारं कार्यालय अजून उघडलेलं नाही.

जेवणाचं कोडं रोजचं होतं. शाळेच्या फाटकाशी मैत्रिणी फुटाणे खायच्या आणि आचल केळं खायची. मक्याचं कणीस आलं की आई ललिता सुरीनं दाणे उतरवून द्यायची. आलूबोंडा चालायचा, पण त्याच्यासोबतची कडक तळलेली मिरची नाही. वरणातल्या हळदीनं तार धरून ठेवणारं माझं रबर पिवळं पडलं, तर आचल दोन दिवस आरशासमोर रडली आणि आठवडाभर दहीभातावर राहिली. हळूहळू मात्र ती हुशार झाली. ताटात काय आलं ते पाहताच तिला कळायचं, काय कुस्करायचं, काय भिजवायचं आणि काय शेजाऱ्याच्या ताटात ढकलायचं.

या सगळ्यावर बाबांची चौकी असायची. ते नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात पाळीवर जायचे. परत आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "आचल, काय खाल्लं आज?"

"खिचडी."

"आ कर."

आचल मोठ्ठा आ करायची. बाबा मोबाइलचा उजेड पाडून आम्हा सगळ्यांची हजेरी घ्यायचे. "हे काय अटकलं हाये मागं? शेंगदाना हाये न हा?"

"मटकी हाये, बाबा."

"मटकी असो का काई असो. चूळ भर, अन् ब्रश कर."

एकदा तीही त्यांना म्हणाली, "तुमी बी आ करा न बाबा. मले पाहू द्या."

"माह्या तोंडात कोनत्या क्लिपा हायेत व?" बाबा म्हणाले आणि उठून अंगणात गेले. पिचकारीचा आवाज आला.

डॉक्टरांनीही दोनतीनदा म्हटलं होतं, "शेखरभाऊ, तुमचंही तोंड बघू एकदा. खुर्ची रिकामीच आहे." दर वेळी बाबांना नेमकी तेव्हाच गाडी बाजूला लावायची आठवण यायची. गाडी बाजूलाच लावलेली असायची.

मग अंजनगाव सुर्जीच्या आत्याकडे रोडग्यांचा कार्यक्रम झाला. शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले गव्हाचे गोळे, फोडून वरणात कुस्करायचे आणि वरून तुपाची धार. आचलचा धीर सुटला. भिजायची वाट न पाहता तिनं रोडग्याची खरपूस पापडी दातानं तोडली आणि मी सुळ्यावरून उडून वरणात पडले. तुपाच्या खाली डाळीत पडून आकाश बघायचा योग माझ्या जातीत फार थोड्यांना येतो.

बाबांनी भर पंगतीत तिला झापलं. "कडक खाऊ नको म्हनून सांगून राहिलो, तं समजत नाही का तुले?" आचलनं मला द्रोणातून शोधून रुमालात बांधलं. तिचे डोळे भरले. तेवढ्यात आत्यानं बाबांच्या ताटात रोडगा वाढला, तर बाबांनी हात आडवा धरला.

"नको बाई. नुसतं वरन दे, भात दे."

"काऊन? तू तं रोडग्यासाठी जीव टाकत होता न?"

बाबांनी आचलच्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्या पोरीले खाता येत नाही, मंग माह्या गळ्याखाली कसा उतरन? तिच्या क्लिपा निघत नाही तोवर म्या बी कडक सोडलं."

आत्यानं पदर डोळ्याला लावला. बाजूची एक म्हातारी म्हणाली, "असा बाप पायजे बाप्पा." आचल तर रडायचं विसरून बाबांकडे बघतच राहिली. रुमालाच्या गाठीत मलाही भरून आलं. मी तेव्हा नवी होते.

त्या दिवसापासून घरात एकच मऊ पातेलं शिजू लागलं. ललिता खिचडी सैल करायची, पोळी दुधात भिजवायची. बाबांनी ठेचा सोडला, लोणचं सोडलं, रस्साही फिकाच मागू लागले. पोळीचे नखाएवढे तुकडे करून ते ओठांच्या फटीतून आत सरकवायचे. शेजारच्या सुंदराबाई रोज येऊन कौतुक करायच्या. "आमच्याकडचे तं बायकोच्या उपासालेही वडे मांगतात. अन् हे पहा! ललिते, नशीब काढलं तुनं."

"पोरीवर भल्ला जीव हाये त्याईचा," ललिता म्हणायची. आणि खिचडीत आणखी एक पेला पाणी घालायची.

आचल बदलली. ज्याचा बाप आपल्यासाठी ठेचा सोडतो, त्यानं तारेच्या कंपाउंडला का लाजावं? ती तोंडभर हसायला लागली. डॉक्टरांनी मला पुन्हा सुळ्यावर बसवलं होतं, त्यामुळे आता मला उजेड भरपूर मिळायचा आणि समोर बसलेले बाबाही दिसायचे. ते हसताना तोंड उघडत नसत, फक्त डोळे बारीक करत. जांभई यायची, तीही अर्धवट. मधल्या वेळात पन्नी खिशातून निघायची, चिमूटभर खर्रा त्याच फटीतून आत जायचा. खिचडीला अवघड जाणारी ती फट खर्ऱ्याला मात्र कधी अवघड गेली नाही.

"बाबा," आचल म्हणायची, "क्लिपा निघाल्या का पयले पानीपुरी खायची. तुमी अन् मी."

"हौ माय. तू म्हनशीन थे खाऊ."

तो दिवस आला. डॉक्टरांनी पकडीनं आम्हाला एकेक करून उतरवलं. आचलचे दात असे सरळ झाले होते की मला स्वतःचा अभिमान वाटला. तिनं मला आठवण म्हणून मागून घेतलं. डॉक्टरांनी एका छोट्या काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवून मला तिच्या हातात दिलं. आचल पायऱ्या धावतच उतरली. बाबा खाली गाडीपाशी होते.

मोतीरामची पाणीपुरीची गाडी त्याच रस्त्यावर होती. पहिली पुरी आचलनं अख्खी तोंडात टाकली. कडाड्! डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं का आनंदाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली.

"साहेबाले देऊ न?" मोतीरामनं विचारलं.

"मले नको. साथ म्हनून सोडलं म्या," बाबा म्हणाले.

"आता कायची साथ? माह्या तं निघाल्या न!" आचलनं मोतीरामच्या हातातली पुरी घेतली आणि बाबांसमोर धरली. "आज मी खाऊ घालते तुमाले. आ करा."

"घरी जाऊ न, माय. उशीर होते."

"आ करा, बाबा. रोज मले करायला लावत होते न?"

गाडीभोवतीची माणसं हसून पाहत होती. बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग त्यांनी तोंड उघडलं.

पुरी दातांवर आपटली आणि फुटली. चिंचेचं पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. लोक खो खो हसले. आचलही हसली.

"नाटकं नका करू, बाबा. मोठं करा न तोंड!"

"मोठंच केलं, माय," बाबा म्हणाले.

आचल हसायची थांबली. तिच्या हातातल्या डबीतून मला ते तोंड दिसत होतं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन बोटंही मावली नसती. आतला गाल ओल्या कागदासारखा पांढरट होता. मोतीरामनं पुढची पुरी भरायला घेतली होती, ती त्यानं परत ठेवली.

"कवापासून?" आचलनं विचारलं.

"रोडग्याच्या आधीपासून." बाबांनी रुमालानं शर्ट पुसला. "तिखट लागलं का आग होये. मले वाटलं उष्णता असन. गुलकंद खाल्ला."

"अन् मले वाटलं, माह्यासाठी सोडलं."

"तुह्यासाठीच समज न."

आचलनं बाबांचा हात धरला आणि त्यांना त्याच पायऱ्यांवरून वर नेलं. या वेळी त्यांना गाडी आठवली नाही. डॉ. प्रियदर्शनींनी त्यांना आचलच्याच खुर्चीवर बसवलं, दिवा पाडला, बराच वेळ पाहिलं आणि हातमोजे काढताना एवढंच म्हणाल्या, "फार उशिरा आलात, शेखरभाऊ." गालातला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा कॅन्सरचा अहवाल आला तेव्हा ललितानं तो घडी करून देवाजवळ ठेवला. देवानं अजून तो उघडून पाहिलेला नाही.

मग नागपूरला शस्त्रक्रिया झाली. बाबांचा एक गाल आता आत गेलेला आहे. बोलतात ते घरच्यांनाच कळतं.

मी आता स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असते. इथून सगळं दिसतं. रोज सकाळी आचल आइस्क्रीमच्या लाकडी कांड्यांची जुडी घेऊन बाबांसमोर बसते. "आ करा, बाबा." जुडी दातांत धरून तोंड ताणायचं असतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ते तोंड मागे घेत नाहीत. जुडीत एखादी कांडी वाढते. कधी दुखतं, तेव्हा कमीही करावी लागते. खर्रा सोडला असं बाबा सांगतात. मी डबीत बंद आहे, मला तपासता येत नाही.

सुंदराबाई अजून येतात. हल्ली कौतुक करत नाहीत. पानठेल्यावर उभ्या असणाऱ्या त्यांच्या मुलाला, बंडूला, मात्र येता-जाता शिव्या देतात, आणि बंडू गाल फुगवून मान डोलावतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या दातांना क्लिपा असतील तर रोडगा भिजवूनच खा. मला त्याचा अनुभव आहे. पण रात्री जेव्हा कुणी तुमच्या तोंडात उजेड पाडून पाहील, तेव्हा तो मोबाइल त्यांच्या हातातून घ्या आणि त्यांनाही आ करायला लावा. ते उठून अंगणात जातील. तुम्ही मागोमाग जा.

काल ललितानं ज्वारीची गरम भाकर केली होती, कडक काठाची, सोबत ठेचा. आचलच्या ताटात ती वाढायला गेली, तर आचलनं हात आडवा धरला आणि मऊ पातेल्यातून स्वतःला खिचडी वाढून घेतली.

"अवं, तुह्या तं क्लिपा निघाल्या न?" ललिता म्हणाली.

"साथ हाये," आचल म्हणाली, आणि बाबांच्या ताटाशी ताट लावून बसली.