सील फोडून मदत

मदत करायला मेडिकलवाल्याची कधीच ना नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, की मदत करावी पण फसू नये. आणि दोन्ही एकदम जमत नसेल, तर आधी न फसणं जमवावं.

दुकान हॉस्पिटलच्या फाटकासमोर. त्यामुळे हात पसरणाऱ्यांची वर्दळ रोजची. साधारण माणसाचं पाकीट आयुष्यात एकदा मारलं जातं; इथे येणाऱ्यांचं दर मंगळवारी मारलं जायचं. अशांचं काय करायचं याचे मेडिकलवाल्याने नियम केले होते. ते कुठे लिहून ठेवले नव्हते, पण बायकोला पाठ होते. ऐकून ऐकून कान किटले होते तिचे.

नियम पहिला. रोख कुणाला देऊ नये, औषध द्यावं.

(एका गृहस्थाने बायकोच्या ऑपरेशनसाठी रडून पैसे नेले. आठवड्याने तोच गृहस्थ तशाच रडण्यासह आला, पण आता ऑपरेशन आईचं होतं आणि बाकी तपशील जसाच्या तसा. इतक्या झपाट्याने वय वाढणारी बाई वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हती.)

नियम दुसरा. औषध द्यावं, पण फोडून द्यावं.

(बाळाच्या दुधाचा डबा दिला. संध्याकाळी तोच डबा कोपऱ्यावरच्या दुकानात फळीवर. ही बातमी शेजारच्या चष्मेवाल्याने आणली, तीही लॉटरी लागल्यासारख्या चेहऱ्याने. तेव्हापासून मेडिकलवाला गोळ्या पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत द्यायचा, डब्याच्या झाकणाखालचा पत्रा टोचायचा. फोडलेला माल कुणी विकत घेत नाही. दुकानदारांच्या बैठकीत त्याने ही युक्ती सांगितली, तेव्हा टाळ्या पडल्या. दयेला शास्त्रशुद्ध पाया मिळाला होता.)

नियम तिसरा बायकोने सुचवला होता. मागणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्यावी, असा काहीतरी. रद्द.

नियम चौथा. प्रश्न विचारावेत, भराभर.

आता ती बाई.

गुरुवारी दुपारी अडीचला आली. कपडे इस्त्रीचे, हा तिचा पहिला गुन्हा. रडत नव्हती, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे तिचं बोलणं.

"आईला चारला इंजेक्शन द्यायचंय. माझं कार्ड चालत नाहीये, बहीण उद्या पैसे पाठवतेय. उधार किंवा मदत, काय म्हणायचं ते म्हणा. नसेल जमत तर लगेच सांगा, मी पुढच्या दुकानात विचारते."

म्हणजे मागणारी हीच आणि घाईही हिलाच. मेडिकलवाल्याने चष्मा नाकावर सरकवला.

"वॉर्ड कितवा?"

"सहा."

"खाट?"

"अकरा."

"डॉक्टर कोण?"

"चिठ्ठीवर आहे. तुम्हीच वाचा, मला त्यांचं अक्षर लागत नाही."

बिलाच्या खिडकीत बसलेली बायको फिसकन हसली. "अहो, द्या ना. आजचीच चिठ्ठी आहे."

"चिठ्ठ्या काय, शंभर मिळतात."

"शंभर मिळत असत्या तर तिने वाचता येईल अशी नसती का आणली?"

तो फ्रीजकडे वळला. आजवर त्याने गोळ्या फुकट दिल्या होत्या, मलमं दिली होती, पण इंजेक्शन कधी दिलं नव्हतं. मन मोठं करून त्याने खोक्यातून काचेची बाटली काढली. बाटलीच्या तोंडाला रबरी बूच असतं आणि बुचावर प्लॅस्टिकची निळी टोपी. तीच तिचं सील. मेडिकलवाल्याने अंगठ्याच्या नखाने ती टोपी उडवली आणि बाटली तिच्यापुढे ठेवली.

"हे का उघडलंत?"

"आमची पद्धत आहे."

"मला वाटलं सिस्टर उघडतात."

"कुणीही उघडलं तरी चालतं," तो म्हणाला. वॉर्डात शेवटचं पाऊल टाकून त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

ती गेली. मेडिकलवाल्याने समाधानाने हात धुतले. एका दगडात पुण्य आणि बंदोबस्त!

पावणेचारला ती परत आली आणि बाटली काउंटरवर ठेवली. आपटली नाही. आपटली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

"घेत नाहीत. टोपी उडवलेली बाटली सिस्टर पेशंटला लावत नाहीत. आत कुणी सुई घातलीय का, काय माहीत, म्हणाल्या. सगळ्या वॉर्डासमोर मला विचारलं, कुठून उचलून आणलीस?"

मेडिकलवाल्याच्या मागे भिंतीवर त्याचा परवाना चौकटीत लटकत होता. टोपी नसलेली बाटली पेशंटला टोचत नाहीत हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं. गोळी पाकिटातून काढली तरी गोळीच राहते, या सवयीने त्याचं नख आपोआप चाललं होतं.

पण चूक कबूल करण्याआधी त्याला आणखी एक शक्यता सुचली. आधी फोडलेली बाटली परत आणायची आणि मग सीलबंद उकळायची! इतकी खोल चाल त्याने आजवर पाहिली नव्हती. क्षणभर त्याला तिचं कौतुकच वाटलं.

"ती बाटली इथेच राहू दे," तो सावधपणे म्हणाला.

"इथेच आहे की. तुमच्या नाकासमोर."

"अहो," बायको म्हणाली, "आता काय, तिच्या आईला खाटेसकट इकडे आणायला सांगताय?"

शेवटी त्याने दुसरी बाटली काढली, सीलबंद. बर्फाच्या डबीत ठेवली. डबी मात्र छातीशी धरली.

"मीच येतो बरोबर. तेवढीच तुम्हाला सोबत."

"चला," बाई म्हणाली. "पण मी पळणार आहे."

आणि ती खरंच पळाली. लिफ्टपुढे रांग, म्हणून जिन्याने. वॉर्ड सहा चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापर्यंत मेडिकलवाला संशयाच्या जोरावर चढला. पुढे संशय पुरला, गुडघे पुरले नाहीत.

ती चार पायऱ्या वर थांबली. वळली. हात पुढे केला.

"चारला तीन मिनिटं आहेत. द्या इकडे."

(इथून पुढचं त्याने धापा टाकत ठरवलं, म्हणून तुटक.)

वर वॉर्ड.

खाली बाजार.

जिना एकच. दोन्हीकडे जातो.

दिली, आणि वरच्या मजल्यावरून ती दुसऱ्या जिन्याने

दुसरा जिना आहे का?

विचारावं? कुणाला? हिलाच?

सव्वीस वर्षं. बघून ठेवायला हवं होतं.

न दिली तर मी चढणार. कधी? पाचला?

हिची आई असेल तर.

नसेल तर बाटली जाईल.

असेल तर

त्याने डबी दिली. माणुसकीचा विजय वगैरे म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर उरलेला श्वास दोनपैकी एकाच कामाला पुरणार होता, नाही म्हणायला किंवा उभं राहायला. ती दोन-दोन पायऱ्या टाकत दिसेनाशी झाली. पावलं वर गेली. एवढं त्याने नीट कान देऊन ऐकलं.

आता दुकानात परतायला हरकत नव्हती. तरीही तो दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावर पोचला.

वॉर्डाच्या दाराला काच होती. अकरा नंबरच्या खाटेवर एक लहानखुरी म्हातारी, बाहीची गुंडी सोडलेली. सिस्टर सुई काढून घेत होती. बाईने मान वर केली आणि काचेतलं नाक पाहिलं. ती दारापाशी आली, दार वीतभर उघडलं.

"दिसलं का सगळं? की आत येऊन बघताय?"

"छे छे! डबी... डबी राहिली होती माझी."

तिने डबी आणून दिली. "उद्या पैसे आणून देते."

"अहो, पैसे कसले! मदत आहे ती."

"कुठली? पहिली की दुसरी?"

मेडिकलवाल्याने डबीतल्या बर्फाकडे पाहिलं. बर्फाचं पाणी झालं होतं.

"दुसरीचे देईन," ती म्हणाली. "पहिलीचे नाही देणार."

"कोण आहे गं?" आतून म्हातारीने विचारलं.

"कुणी नाही, आई. मेडिकलवाले. जिना चढून आलेत, दम खाताहेत," बाई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.