बिस्किटांच्या डब्यातले अकरा आकडे

निळ्या क्लबात घडीकाकांचं खरं नाव आठवणारं कोणी उरलं नव्हतं. खेळाडूंचे शर्ट धुवायचे, इस्त्री करायचे, घड्या घालायच्या आणि सामन्याच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये ओळीने टांगायचे, हे काम ते बावीस वर्षं करत होते. कप्तान म्हणायचा, "काका, तुमची घडी मोडताना कोणाचं तरी घर मोडल्यासारखं वाटतं."

या मोसमात मात्र क्लबाचीच घडी विस्कटली. मालक बदलला. अकरा वर्षं संघाला शिकवणारे मोठे सर त्याच्याशी भांडले आणि मोसम अर्ध्यावर असताना थेट पिवळ्या क्लबात गेले. पिवळ्यांच्या मालकाने दोन वर्षांत तीन प्रशिक्षक घरी बसवले होते, पण मोठ्या सरांनी त्या रडतखडत चालणाऱ्या संघाला पार वर आणलं. आणि आता लीगच्या शेवटच्या शनिवारी निळे आणि पिवळे सारख्याच गुणांवर, निळ्यांच्याच मैदानावर समोरासमोर येणार होते. निळे जिंकले तर ट्रॉफी निळ्यांची. बरोबरी झाली तरी पिवळ्यांची, कारण त्यांचे गोल जास्त होते.

काकांचं दुखणं वेगळंच होतं. नव्या मालकाने धुलाईचं काम पुढच्या मोसमापासून बाहेरच्या कंपनीला दिलं होतं, तसं पत्रही काकांच्या हातात पडलं होतं. बुधवारी मोठ्या सरांचा फोन आला, "घडी, माझ्याकडे ये. शनिवारी सामना झाला की हो की नाही ते सांग."

"हो म्हणा की," बायको म्हणाली. "त्यात विचार कसला? पिवळे कपडे काय वेगळ्या पाण्यात धुतात?"

हो म्हणायचं काकांनीही ठरवलं होतं. पण निळ्या शर्टांवर इस्त्री फिरवताना पिवळ्यांना हो म्हणायचं म्हणजे काय, हे त्यांना काही उमगत नव्हतं. शनिवारी सकाळी ट्रॉफी कोणाला मिळावी असं आपल्याला वाटतं, हेसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं.

मोठ्या सरांची एक जुनी रीत होती. संघात कोण खेळणार ते ते खेळाडूंना तोंडाने सांगत नसत. सामन्याच्या दिवशी बाराच्या सुमाराला ते कपड्यांच्या खोलीत डोकावत आणि दाराजवळच्या फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात एक चिठ्ठी टाकत. चिठ्ठीत अकरा आकडे, शेजारी कॉर्नरच्या वेळी कोणी कुठे पळायचं त्याचे बाण आणि शेवटी एक ओळ: चहा, साखर नको. काका त्या क्रमाने शर्ट टांगत. ज्याचा शर्ट खुंटीवर दिसे, तो खेळे. त्यांच्या जागी आलेले नवे सर हे सगळं फोनवर पाठवत. तरीही काकांचा हात आधी डब्याकडेच जाई. झाकण उघडायचं, रिकामा डबा बघायचा, झाकण लावायचं आणि मग फोन काढायचा, असं पाच महिने चाललं होतं.

त्या शनिवारी साडेबाराला काकांनी झाकण उघडलं तर आत चिठ्ठी.

अक्षर ओळखीचं होतं. ओळखीचं होतं म्हणूनच त्यांना शंका आली नाही. परकं असतं तर त्यांनी दहा वेळा चष्मा पुसला असता. त्यांना आपलं बरं वाटलं, नव्या सरांना रीत कळली म्हणायची! फोन खिशातच राहिला.

शर्ट टांगताना मात्र ते चक्रावले. पहिला आकडा एक, म्हणजे गोलकीपर, ठीक. मग एकतीस. एकतीस हा निळ्यांचा तिसरा गोलकीपर, बिचाऱ्याने वर्षभर बाकडंच तापवलं होतं. एकाच वेळी दोन गोलकीपर? आणि आठ नंबर, खुद्द कप्तान, यादीतच नाही! काकांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. हल्ली खेळ फार पुढे गेलाय, ते स्वतःशीच म्हणाले, असेल काहीतरी नवी पद्धत. बावीस वर्षांत त्यांनी खुंटीवरच्या शर्टाबद्दल कोणाला प्रश्न विचारला नव्हता. मग त्यांनी चहा केला, साखर न घालता, आणि नव्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

खेळाडू आत आले आणि एकच गोंधळ उडाला. कप्तान रिकाम्या खुंटीसमोर उभा राहिला. "मला काढलं? आजच्या दिवशी?" एकतीस नंबरवाला पोरगा तर आपल्या शर्टाला हात लावायलाही घाबरत होता.

नवे सर धावत आले. "काका, हे काय टांगलंय?"

"तुम्हीच लिहिलंत ना?"

"आणि हा चहा? मी चहा पितो का?"

काकांनी चिठ्ठी पुढे केली. नव्या सरांनी ती वाचली, बाण पाहिले, तळाची ओळ पाहिली. त्यांनी चिठ्ठीचा फोटो काढला, ती काकांना परत दिली आणि हसत सुटले. "म्हातारा सवयीने आपल्या डब्यात टाकून गेला! पिवळ्यांचा सगळा डाव आहे हा!"

काकांनी फोनवरच्या यादीप्रमाणे शर्ट पुन्हा टांगले. ते दाराशी आले. समोर आठ पावलांवर पाहुण्यांची खोली. जाऊन सांगावं, तर ज्यांच्या मोज्यांची भोकंसुद्धा त्यांना पाठ होती त्या पोरांचा घात. न सांगावं, तर सरांचा. काका दारात उभे राहिले आणि सामना सुरू झाल्याची शिट्टी झाली तेव्हाही तिथेच होते.

निळ्यांनी एक गोल केला. शेवटच्या मिनिटाला पिवळ्यांना कॉर्नर मिळाला. पिवळ्यांचा उंच एकतीस नंबर लांबच्या खांबाकडे पळाला, अगदी चिठ्ठीतल्या बाणाबरहुकूम. तिथे निळ्यांचा कप्तान आधीच उभा होता. त्याने डोक्याने चेंडू बाहेर काढला आणि सामना संपला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, आणि काकांना आनंद झाला होता, आणि रडू येत होतं, आणि यातलं खरं कोणतं ते त्यांना कळत नव्हतं.

नव्या सरांनी त्यांना मिठीच मारली. "काका, ती कंपनीबिंपनी विसरा. मी मालकांशी बोलतो. तुम्ही कुठेही जायचं नाही!"

काका कपड्यांच्या खोलीत परतले तर धुण्याच्या टोपलीवर मोठे सर बसलेले.

"लांबच्या खांबाशी कप्तान आधीच कसा पोचला रे?" ते म्हणाले. "मला काही सुधरत नाही."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. काकांनी खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. "डब्यात होती, सर. मला वाटलं आमचीच. मी शर्ट टांगले."

सर चिठ्ठीकडे बघत राहिले. "मी टाकली?"

"दुसरं कोण टाकणार?"

"आमची कपडेवाली पोरगी विचारत होती, चिठ्ठी कुठाय. मी तिच्यावरच ओरडलो, दिली ना मघाशी म्हणून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "बसमधून उतरलो, पाय आपोआप इकडे वळले असतील."

"मी सांगायला यायला हवं होतं."

"कोणाला? तू त्यांच्या पगारावर आहेस." मग ते म्हणाले, "तू इथेच राहा, घडी. आमच्या मालकाचा फोन येऊन गेला. सोमवारी मी कुठे असेन ते माझं मलाच ठाऊक नाही."

काका खाली पडलेल्या मोज्यांची घडी घालू लागले. सरांनीच विचारलं, "आणि चहा?"

"केला होता. ते पीत नाहीत."

"आण."

काकांनी तो गार कप आणून दिला. सरांनी उभ्याउभ्या संपवला आणि कप फळीवर ठेवला. "साखर नाही. बरोबर," ते म्हणाले.

बाहेर काकांच्या नावाने हाका चालल्या होत्या, ट्रॉफीसोबतच्या फोटोला कोरे शर्ट हवे होते. सर दाराकडे निघाले. जाता जाता त्यांनी हातातल्या चिठ्ठीची चौकोनी घडी घातली, बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं, चिठ्ठी आत टाकली, झाकण नीट लावलं आणि निघून गेले. आपण काय केलं ते त्यांना कळलं नाही. काकांनीही त्यांना हाक मारली नाही.