दोन मीटरची फीत

चाचणीत प्रश्न होता: दोन मीटर फितीचे चार सारखे तुकडे केले, तर एक तुकडा केवढा? तिसरीच्या एकतीसपैकी अठ्ठावीस मुलांनी 'पाव मीटर' लिहिलं. मिझुसावाबाई आधी मुलांवर चिडल्या. मग आठवलं, वर्गात आपण कायम एकाच मीटरची फीत कापत आलो.

"उद्या पालक तास बघायला येणार. पुढचा धडा घ्या, बाई," मुख्याध्यापक ओगुरी म्हणाले. "चारचौघांत शोभा कशाला?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात आपली चूक कबूल केली, दोन मीटरची फीत काढली आणि मागे उभ्या मोठ्यांनाच तो प्रश्न घातला.

"पाव मीटर," ओगुरी सर्वांआधी म्हणाले.

मुलांनी कापून मोजलं. अर्धा मीटर भरला.

"असू दे, सर," वर्गातली चिहारू समजुतीने म्हणाली. "तुमच्या बाईंनीही एकाच मीटरची आणली असेल."