परत म्हण म्हणायलेत

खुर्चीचा पाट पुन्हा वर उलटला, तसा केवळाबाईनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि कशीबशी बसली. शेजारी नवरा देविदास इस्त्रीच्या शर्टात अवघडून गेलेला. लेकीच्या कॉलेजनं नवं संगीत नाटक बसवलं होतं. पहिला प्रयोग काल झाला, आज दुपारी दुसरा. रेणापूरहून लातूर काही फार लांब नाही, पण नाट्यगृहात दोघंही पहिल्यांदाच येत होते.

"आपली तनू कवा येणार ओ?"

"यील की. दम धर."

पोरंपोरी झकास नाचली. एकाचं धोतर सुटता सुटता राहिलं, पेटी एका गाण्यात भलतीच पुढं पळाली, तरी लोक खूश होते. केवळाबाई तर तोंडाला पदर लावून हसली. पोरगा गेल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

मग गाणारे मागं सरले, पेटी थांबली. तनुजा एकटी पुढं आली, फतकल मारून बसली, तळहात जमिनीवर आपटला आणि तिनं हेल काढला.

"आरं माझ्या वासरा रंऽ, भाकर टोपल्यात वाळली रंऽ..."

केवळाबाई गारच पडली. हे रडणं तिचं स्वतःचं होतं. तनुजाचा थोरला भाऊ वैजनाथ परसाल विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हा अंगणात बसून ती हेच रडली होती. असलं रडणं कुणी जुळवून ठेवत नसतं, तोंडाला येईल ते येतं. तनुजा त्या दिवशी टिपूस न गाळता आल्यागेल्याला चहा करत होती. पोरगी दगडाची आहे, असं भावकीतल्या बायका बोलल्या आणि ते केवळाबाईच्या काळजात रुतून बसलं. पोरीनं एकदा तरी मोकळं रडावं, एवढंच तिला वाटत होतं. आणि आता पोरगी तेच सगळं, हुंदक्यासकट, सुरात म्हणत होती. डोळे मात्र कोरडेठाक. दुसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसत होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

"काय म्हणायलेत?"

"परत म्हण म्हणायलेत."

"परत? हे?"

तनुजानं पुन्हा हेल काढला. या खेपेला दुसऱ्याच ओळीत तिचा आवाज चिरकला. भाकरीपाशी ती अडली आणि "वैजूदादा" म्हणाली. नाटकातल्या भावाचं नाव वेगळंच होतं. तिचे खांदे गदागदा हलायला लागले. केवळाबाई उठून उभी राहिली.

गावात बाई रडायला बसली की तिला एकटं रडू देत नाहीत. वैर असलं तरी जाऊन गळ्यात पडायचं. इथं मात्र बाकीची पोरं शिकवल्याप्रमाणे हात सोडून उभी होती.

"कुणीच धरंना की तिला."

देविदासनं पदराला धरून तिला खाली ओढलं.

"बस. नाटक हाय."

"नाटक न्हाई ओ हे."

पुढच्या बाईनं वळून त्यांना गप्प केलं आणि शेजारणीला म्हणाली, "काय खरं रडते ना पोरगी." टाळ्या काही थांबेनात.

प्रयोग संपल्यावर दोघं विचारत विचारत आत गेले. तनुजा तोंड धुऊन बसली होती. केवळाबाईनं हात पसरले, तशी ती मागं सरली.

"आई, नको. आत्ता धरलीस तर लई रडू यील. आवाज बसंल माजा. संध्याकाळी आजून एक प्रयोग हाय."

केवळाबाईला हात कुठं ठेवावेत ते कळेना. तिनं उगाच पोरीची बाही सारखी केली.

"मंग आमी थांबतो. पन त्या बघणाऱ्या लोकायला सांग, एकदाच म्हणू द्या म्हणावं. परत म्हणायला लावू नका."

तनुजा मान खाली घालून केस बांधत होती.

"आई, ते आपल्या हातात आस्तंय का?"