खिडकीची जाळी

मागच्या अंगणात ट्विला दोरीवरून उड्या मारत होती. तिचं गाणं स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

जाळी पडली, उघडली खिडकी,
आईनं घेतली नाचून गिरकी.
जाळी तशीच, हलेना दोरी,
डोळे मीट गं माझ्या पोरी.

मोटारींच्या शर्यतवाल्यांच्या घरच्या पोरींचंच ते गाणं. गाडी भिंतीवर आदळून थांबली, की ड्रायव्हरनं आपल्या हातानं खिडकीला काचेऐवजी लावलेली जाळी सोडायची. म्हणजे बघणाऱ्यांनी समजायचं, माणूस धड आहे. जाळी वरच राहिली, तर ॲम्ब्युलन्स धावते, आणि गर्दीनं खच्चून भरलेल्या ट्रॅकवर स्मशानासारखी शांतता पसरते.

ट्विलाच्या बापानं, कॉय हॅमरिकनं, अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या लाल मातीच्या ट्रॅकवर पोरवयात सुरुवात केली, तेव्हापासून ही जाळी इतक्यांदा सोडली होती, की बोटं आता त्याला विचारतही नव्हती.

मागच्या रविवारीही ती त्यानं सोडली होती. फक्त ते त्याला आठवत नव्हतं.

तिसरं वळण आठवत होतं. अंगावर धावून आलेली पांढरी भिंत आठवत होती. त्यानंतर एकदम हेच टेबल, हातात मक्याच्या पावाचा तुकडा, आणि बायको मार्लीन विचारतेय, "अजून घेवडा वाढू?" मधली दुपार कुणीतरी कात्रीनं कापून नेली होती. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आज मार्लीनचा थोरला भाऊ हॉयट जेवायला आला होता. कॉयच्या गाडीचा सगळा कारभार त्याच्याच हातात. कोंबडीचं तंगडं चघळत त्यानं टीव्हीवर मागच्या रविवारची टेप लावली.

"बघ, बघ, आपला नट आला!"

पडद्यावर जाळी पडली. कॉय बाहेर आला, लोकांना हात केला, आणि माइकवाल्याला म्हणाला, "भिंत मधे आली हो. हॉर्न देणार होतो, पण आमच्या गाड्यांना मेला हॉर्नच नसतो!"

हॉयट मांडीवर थाप मारून हसला. कॉयही हसला, पाहुण्याच्या विनोदाला हसावं तसा. पडद्यावरच्या माणसाचा चेहरा त्याचाच होता. डोळे मात्र उघड्या दाराच्या रिकाम्या घरासारखे होते.

मग तो माणूस म्हणाला, "माझ्या आईला सांगा, जेवायला येतोय. रस्सा गरम ठेव म्हणावं."

कॉयची आई टेकडीवरच्या चर्चमागं मातीखाली होती. तिच्या थडग्यावर शेवाळ धरलं होतं.

"हे काय बोललास रे?" हॉयट तोंड पुसत म्हणाला. "डोकं आपटलं होतं, नाही का! चालायचंच."

मार्लीन ताटं उचलून मोरीशी गेली. कॉय मागोमाग गेला.

"तुला आठवतं ना, बोललेलं?" तिनं पाठमोऱ्याच विचारलं.

"आठवतं की. थट्टा केली मी."

"थट्टा." तिनं नळ बंद केला. "कॉय, ती जाळी पडते ना, तेव्हा मी श्वास सोडते. लग्न झाल्यापासून तोच माझा श्वास. आता मला एवढंच सांग, जाळी पडली तर मी काय समजू? आत तू आहेस, की तो पडद्यावरचा?"

बाहेर दोरी फट् फट् जमिनीवर आपटत राहिली.

पुढच्या रविवारी कॉय गाडीत बसला, तेव्हा हॉयटनं खिडकीतून डोकं आत घातलं.

"ऐक. काहीही झालं तरी जाळी पाड. ती वर राहिली की डॉक्टर येतो, आणि डॉक्टर आला की तुला गाडी चालवू देत नाहीत, तुझं चाक गेलं. कळलं?"

"कळलं रे बाबा."

जाळी लागली. चौकोनाचौकोनांतून जग तुकड्यातुकड्यांनी दिसू लागलं.

निम्मी शर्यत होईपर्यंत काहीच झालं नाही. भीती मात्र शेजारी बसल्यासारखी सोबत होती. दुसऱ्या वळणावर मागून कुणाचातरी धक्का लागला, एवढाच, एखाद्या बैलानं शिंग लावावं तेवढा.

आणि गाडी गवतात उभी होती, चौथ्या वळणापाशी.

दुसरं आणि चौथं, यांच्या मधलं तिसरं वळण कुठे गेलं?

उजवा हात जाळीच्या कडीवर होता. कुणी ठेवला तो तिथं? बोटं कडी दाबायला निघाली होती, शांत, सराईत, घरच्या दाराची कडी काढावी तशी. कॉयनं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. ते त्याच्याशी झटत होतं.

"जाळी पाड!" कानातल्या रेडिओवर हॉयटचा आवाज. "कॉय! सगळे बघतायत, पाड ना!"

शांतता पसरली होती. ती शांतता त्यानं आजवर फक्त दुसऱ्यांसाठी ऐकली होती. गाड्या दुरुस्त करायच्या जागेच्या, पिटच्या, भिंतीआड मार्लीनचा श्वास अडकला असेल. एक कडी, आणि ती सुटली असती. चाकही राहिलं असतं.

"हॉयट, मार्लीनला सांग, मी जिवंत आहे," तो म्हणाला. "पण जाळी मी पाडणार नाही."

"वेड लागलंय का तुला? अरे, संपलं मग सगळं!"

पावलं धावत आली. जाळीपलीकडे एका बाईचा चेहरा आला, अंगात ॲम्ब्युलन्सचा पांढरा सदरा.

"दादा, नाव सांगा."

"कॉय हॅमरिक."

"कुठं आहात?"

"गवतात." त्याला हसू आलं नाही.

"घरी वाट कोण बघतंय?"

'आई,' शब्द जिभेवर येऊन बसलाच होता, गरम रश्शाच्या वासासकट. कॉयनं तो गिळला. दुसरं एक नाव आहे, हे त्याला ठाऊक होतं, आत्ताच हॉयटशी बोलताना ते तोंडात होतं, आणि तो ते अंधारात चाचपडावं तसा शोधत राहिला.

"मला सांगता येत नाहीये," तो म्हणाला. "बाई, जाळी तुम्हीच काढा."

तिनं बाहेरून हात घातला. जाळी पडली.

लांबवर भिंतीआडून एक बाई गवतातून धावत येत होती. श्वास तिनं अजून सोडलेला नव्हता. ती जवळ येईपर्यंत कॉय तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, नाव आठवेल म्हणून.